घर, भाडेकरू आणि मागांची शेड: परवडणारा मॅनेज्ड स्विच निवडतानाच्या प्रकल्प नोंदी

१३ एप्रिल २०२५

बेळगावातील वडगाव भागात आमचे दुमजली घर आहे. वरच्या मजल्यावरील दोन खोल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना भाड्याने दिलेल्या आहेत आणि परसाच्या पलीकडे, घरापासून सुमारे पंचेचाळीस मीटरवर, चुलतभावाची, म्हणजे दादाची, यंत्रमागाची शेड आहे. इंटरनेटची जोडणी एकच असून ती घरात येते. आजवर घरातील संगणक व टीव्ही, विद्यार्थ्यांचे लॅपटॉप आणि शेडमधील कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारा डीव्हीआर हे सर्व एका साध्या स्विचमुळे, म्हणजे सर्व केबली एकत्र जोडणाऱ्या यंत्रामुळे, एकाच जाळ्यात होते.

परवा एका विद्यार्थ्याने स्वतःचा जुना वायफाय राउटर आणला आणि त्याच्या वॅन (बाहेरचे इंटरनेट घेणाऱ्या) पोर्टऐवजी लॅन (घरातील यंत्रांच्या) पोर्टमध्ये आमची केबल खोचली. त्याबरोबर तो राउटर संपूर्ण घराला स्वतःचे आयपी पत्ते (जाळ्यातील यंत्रांचे क्रमांक) वाटू लागला. मोबाईलवर वायफायचे चिन्ह पूर्ण दिसत होते, इंटरनेट मात्र कोणालाच मिळत नव्हते. कारण सापडेपर्यंत दोन संध्याकाळी गेल्या. शोधाशोध करताना आणखी एक गोष्ट लक्षात आली, ती अशी की वरच्या खोलीतील कोणत्याही लॅपटॉपवरून दादाच्या डीव्हीआरचे लॉगिनचे पान उघडता येत होते.

म्हणून जाळ्याचे भाग पाडायचे ठरवले. असा क्रमांक दिलेला प्रत्येक भाग म्हणजे व्हीलॅन, आणि तो पाडता येईल असा, मांडणी बदलता येणारा स्विच म्हणजे मॅनेज्ड स्विच. व्हीलॅन १० घरासाठी, २० भाडेकरूंसाठी, ३० कॅमेऱ्यांसाठी आणि ९९ केवळ स्विच व राउटर यांच्या व्यवस्थापनासाठी. राउटर नवा घेण्याची गरज नाही. घरात टीपी-लिंकचा आर्चर सी६ आहे, त्याच्या तिसऱ्या आवृत्तीवर ओपनडब्ल्यूआरटी ही मुक्त प्रणाली चालते, आणि एकाच केबलवरून टॅग (व्हीलॅनच्या क्रमांकाची खूण) लावलेले चारही व्हीलॅन त्याला हाताळता येतात. प्रश्न फक्त स्विचचा आहे. मनाशी ठरवलेली मर्यादा सहा हजार रुपये, दोन्ही टोकांचे मिळून.

१७ एप्रिल

आज कागदावर पोर्ट मोजले. घरात राउटर, संगणक, टीव्ही, घरचा ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणारे यंत्र), वरच्या मजल्याचा ॲक्सेस पॉइंट आणि शेडकडे जाणारी जोडणी असे सहा लागतात. शेडमध्ये डीव्हीआर, दादाचा संगणक, एक ॲक्सेस पॉइंट आणि घराकडून येणारी जोडणी असे चार पुरतात. शेडमधील कॅमेरे कोॲक्सिअल केबलवर चालणारे आहेत आणि ॲक्सेस पॉइंटांना स्वतःचे अडॅप्टर आहेत, त्यामुळे पीओईचा, म्हणजे जाळ्याच्या केबलमधूनच वीज देण्याच्या सोयीचा, खर्च सरळ वगळला.

जुन्या बाजारात कार्यालयांतून निघालेले चोवीस पोर्टचे स्विच कमी किमतीत मिळतात आणि त्यांत सोयीही अधिक असतात, म्हणून त्यांचा विचार करून पाहिला. परंतु असा स्विच साधारण २५ वॅट घेत असेल तर महिन्याला १८ युनिट वीज केवळ त्याच्यावर जाते. शिवाय त्यांतील अनेकांना पंखा असतो. शेडमध्ये सुताची बारीक लव सतत उडत असते, तेथे पंखा असलेले यंत्र पहिल्याच हंगामात गुदमरेल. बिनपंख्याचा आणि छोटा, ही अट त्यामुळे पक्की झाली.

ज्यांची माहितीपुस्तिका वाचली त्यांत टीपी-लिंकचा टीएल-एसजी१०८ई, नेटगिअरचा जीएस३०८ई, डी-लिंकचा डीजीएस-११००-०८, मायक्रोटिकचा सीएसएस१०६-५जी-१एस आणि झायक्सेलचा जीएस१९००-८एचपी हे होते. शेवटचा पीओईसह येतो आणि आमच्या मर्यादेत बसत नाही. मायक्रोटिकच्या यंत्राला तांब्याचे पाचच पोर्ट आहेत, पण सोबत फायबरसाठी एसएफपीची एक खाच आहे. खोक्यावर कोणी ‘स्मार्ट’ लिहितो, कोणी ‘इझी स्मार्ट’, कोणी ‘मॅनेज्ड’. या शब्दांवरून काहीही ठरत नाही, एवढे पुस्तिका चाळल्यावर समजले. ८०२.१क्यू या मानकाचे व्हीलॅन आता सर्वच कंपन्या देतात, फरक पडतो तो बारीक गोष्टींत. त्या कोणत्या, हे मला तेव्हाच ठाऊक असते तर पुढच्या दोन नोंदी लिहाव्या लागल्या नसत्या.

२१ एप्रिल

गावातील एका दुकानातून आठ पोर्टचा स्विच आणला. किंमत २,३५० रुपये. कंपनीचे नाव येथे देत नाही.

व्हीलॅन तासाभरात लागले. पोर्ट ५ वरच्या मजल्यासाठी २० मध्ये टाकला, तेथून घरचा संगणक दिसेनासा झाला, आणि काम संपले असे समजून मी आवराआवर केली. रात्री सहज म्हणून विद्यार्थ्याच्या लॅपटॉपला हाताने स्विचच्याच पट्ट्यातील आयपी पत्ता दिला, आणि स्विचचे लॉगिनचे पान समोर उघडले! म्हणजे भाडेकरू घराच्या जाळ्यापासून तुटले होते, पण त्यांना तोडणाऱ्या यंत्राचे दार त्यांच्यासाठी उघडेच होते. हा स्विच कोणत्याही व्हीलॅनमधून आलेल्या व्यवस्थापनाच्या विनंतीला उत्तर देतो, आणि ते एका व्हीलॅनपुरते मर्यादित करण्याची सोय त्याच्या पानावर कोठेही नाही. फर्मवेअर (स्विचमधील सॉफ्टवेअर) नवे घातले तरी फरक पडला नाही.

पुस्तिका पुन्हा वाचली तेव्हा ध्यानात आले की तीत कोठेही चुकीचे लिहिलेले नव्हते. ‘व्यवस्थापनाचा व्हीलॅन’ हा उल्लेखच तीत नव्हता, आणि मी मात्र नसलेली सोय असणारच असे गृहीत धरले होते. खोके फोडल्यामुळे दुकानदार परत घेईना. त्याचेही चूक म्हणता येत नाही.

२४ एप्रिल

मायक्रोटिकचा सीएसएस१०६ मागवला होता तो आज आला, ३,९०० रुपयांना. याच्या स्विचओएस या प्रणालीमध्ये व्यवस्थापन कोणत्या पोर्टवरून आणि कोणत्या व्हीलॅनमधून चालू द्यायचे, हे वेगवेगळे ठरवता येते. मला हवी होती ती नेमकी हीच गोष्ट.

पहिल्याच दिवशी स्वतःला बाहेर कोंडून घेतले, तेही सांगितले पाहिजे. व्यवस्थापनासाठी व्हीलॅन ९९ निवडला आणि जतन केले. परंतु ज्या पोर्टला माझा संगणक जोडलेला होता तो ९९ चा सभासद अद्याप केलेलाच नव्हता. पान गोठले, पत्ता लागेना. रीसेटचे बटण दाबून धरून वीज जोडल्यावर स्विच मूळ अवस्थेत, १९२.१६८.८८.१ या पत्त्यावर, परत आला आणि तासभराचे काम पुसले गेले. दुसऱ्या वेळी क्रम असा ठेवला: आधी व्हीलॅनच्या तक्त्यात चारही व्हीलॅन आणि त्यांचे सभासद पोर्ट, मग प्रत्येक पोर्टचा मूळ व्हीलॅन, मग एका मोकळ्या पोर्टवरून ९९ मधून पान खरोखर उघडते का याची खात्री, आणि त्यानंतरच व्यवस्थापनावरील निर्बंध. ‘स्ट्रिक्ट’ ही कडक पद्धत सर्वांत शेवटी लावावी. ती तक्त्यात नसलेले सर्व काही टाकून देते आणि त्यात आपणही येतो.

संध्याकाळी वरच्या लॅपटॉपवरून पुन्हा तोच प्रयोग केला. पान उघडले नाही.

२६ एप्रिल

पहिल्या स्विचचे काय करायचे, हा प्रश्न उरला होता. आज जरा शांतपणे विचार केल्यावर असे दिसले की त्यातील उणीव शेडमध्ये मुळीच नडत नाही. घरच्या स्विचमधून शेडकडे १०, ३० आणि ९९ एवढेच व्हीलॅन पाठवायचे आहेत. भाडेकरूंचा २० तिकडे जाणारच नाही, त्यामुळे तेथील पान सर्वांना उत्तर देत असले तरी विचारणारा भाडेकरू तेथवर पोहोचू शकत नाही. पासवर्ड लांबलचक ठेवला आणि स्विच शेडमध्ये, मागांपासून दूरच्या भिंतीवर, धातूच्या पेटीत बसवला. २,३५० रुपये वाया गेले नाहीत.

घर ते शेड ही जोडणी फायबरची आहे. गेल्या वर्षीच्या वळवात वीज जवळच पडली आणि तांब्याच्या केबलच्या दोन्ही टोकांची यंत्रे जळाली, तेव्हा ती केबल काढून फायबरची ड्रॉप केबल टाकून घेतली होती. असे करणाऱ्यांसाठी एक सूचना: या केबलला आधारासाठी पोलादी तार असते. ती दोन्ही टोकांना भिंतीबाहेरच कापून टाकावी आणि आत फक्त फायबर न्यावे. तार यंत्राच्या पेटीपर्यंत नेली तर फायबर टाकण्याचा अर्धा हेतू फुकट जातो.

दोन्ही टोकांना त्या वेळचे १०० एमबीपीएसचे मीडिया कन्व्हर्टर (फायबरची जोडणी तांब्याच्या केबलला जुळवणारी यंत्रे) आहेत. टीव्हीचा पोर्ट तात्पुरता मोकळा करून घरचा कन्व्हर्टर त्यात लावला. शेडमध्ये इंटरनेट आले, दादाने देयके भरून पाहिली, आणि तो समाधानाने जेवायला गेला.

२९ एप्रिल

तीन दिवस एका कोड्यात गेले. शेडमधील संगणकावर इंटरनेट उत्तम चालते. दादा कामानिमित्त निपाणीला गेला होता, तेथून त्याला मोबाईलवर चारही कॅमेऱ्यांचे चित्र व्यवस्थित दिसले. परंतु घरातील माझ्या संगणकावरून, पंचेचाळीस मीटरवर असलेल्या त्याच डीव्हीआरचे लॉगिनचे पान अर्धवट उघडते आणि चित्र तर येतच नाही. व्हीलॅन लावण्यापूर्वी हे सर्व चालत होते.

पहिल्या दिवशी मी राउटरच्या फायरवॉलला दोष दिला आणि १० मधून ३० मध्ये जाण्याचे नियम तीनदा नव्याने लिहिले. दुसऱ्या दिवशी डीव्हीआरचे फर्मवेअर बदलले, ज्याची काहीएक गरज नव्हती आणि ज्यामुळे त्याची वेळ व नोंदींची मांडणी पुन्हा लावावी लागली. तिसऱ्या दिवशी शेडमधील स्विचवर संशय घेतला, कारण तो आधीच माझ्या मनातून उतरलेला होता. साधे पिंग (समोरचे यंत्र उत्तर देते का हे पाहणारा छोटा संदेश) प्रत्येक वेळी जात होते, म्हणून केबलकडे मी पाहिलेच नाही.

३० एप्रिल

कोडे सुटले. पिंगमध्ये तुकडे न करण्याची सूचना देऊन आकार वाढवत नेला. १४६८ बाइटपर्यंत उत्तर येते, १४६९ ला येत नाही. हा आकडा पाहिल्यावर सगळे उलगडले.

इथरनेटची मोठ्यात मोठी साधी फ्रेम, म्हणजे केबलवरून जाणारे माहितीचे एक पाकीट, १५१८ बाइटची असते. व्हीलॅनचा टॅग आणखी चार बाइट घेतो, म्हणजे टॅग लावलेली मोठी फ्रेम १५२२ ची होते. आमचे जुने कन्व्हर्टर १५१८ च्या पुढचे काही ओळखत नाहीत आणि कोठेही तक्रार न करता ती फ्रेम टाकून देतात. पिंगच्या १४६८ बाइटांवर आयसीएमपी व आयपी या शीर्षकांचे मिळून २८, इथरनेटचे १८ आणि टॅगचे ४ मिळवले की बरोबर १५१८ होतात. लहान फ्रेम जात होत्या म्हणून साधे पिंग जात होते आणि लॉगिनचे पान अर्धे तरी दिसत होते. चित्र वाहून नेणाऱ्या फ्रेम मात्र काठोकाठ भरलेल्या असतात.

मग इंटरनेट का चालत होते? आमची जोडणी पीपीपीओईवर, म्हणजे नाव व पासवर्ड देऊन जोडण्याच्या पद्धतीवर, आहे. तिच्यात कमाल आकार १५०० ऐवजी १४९२ असतो आणि राउटर संभाषणाच्या (टीसीपीच्या) दोन्ही टोकांना तेवढ्याच मापाचे तुकडे पाठवायला लावतो. त्या आठ बाइटांच्या बचतीमुळे टॅग लागूनही फ्रेम १५१४ पर्यंतच जाते आणि कन्व्हर्टरमधून निसटते. म्हणून निपाणीहून चित्र दिसत होते आणि घरातून नाही. जुने १०० एमबीपीएसचे स्विच किंवा कन्व्हर्टर वाटेत ठेवून कोणी व्हीलॅन लावणार असेल, तर नियम लिहिण्यापूर्वी ही १४७२ बाइटची पिंग चाचणी आधी करावी. दोन मिनिटे लागतात. मला चार दिवस लागले.

राउटरवर आणि डीव्हीआरवर आकार कमी करून काम भागवता आले असते, पण मग पुढे येणाऱ्या प्रत्येक यंत्राला ती आठवण ठेवावी लागेल. दोन्ही कन्व्हर्टर बदलण्याचे ठरवले. घरच्या टोकाला एसएफपीची खाच आहेच, तेव्हा तेथे कन्व्हर्टर नकोच. टीव्हीचा पोर्टही परत मिळेल.

६ मे

शिवजयंती व चित्ररथ मिरवणुकीच्या गडबडीतून मोकळा झालेला फायबर जोडणारा मुलगा काल आला. एकाच तंतूवरून दोन्ही दिशांनी चालणारे एसएफपी मॉड्यूल ८५० रुपयांना मागवून ठेवले होते, आणि शेडसाठी गिगाबिट कन्व्हर्टर ९५० रुपयांना गावातच घेतला. हे कन्व्हर्टर जोडीने विकतात. मला एकच हवा होता म्हणून दुकानदाराने जोडी फोडून दिली, आणि कोणता भाग देतो आहे हे त्याने पाहिले नाही, मीही पाहिले नाही.

मुलाने तंतू जोडला, दोन्हीकडचे दिवे बंदच. “लाइट इल्ल (नाही), काका,” एवढे बोलून त्याने मॉड्यूल आणि कन्व्हर्टर शेजारी धरून दाखवले. दोन्हीवर पाठवण्याची तरंगलांबी १३१० नॅनोमीटर छापलेली होती. एका टोकाने १३१० वर पाठवून १५५० वर ऐकायचे आणि दुसऱ्याने नेमके उलट करायचे, तरच एका तंतूवर संभाषण होते. येथे दोघेही एकाच सुरात बोलत होते आणि ऐकणारा कोणीच नव्हता. दुकानदाराने कन्व्हर्टर विनातक्रार बदलून दिला, पण मुलगा दुसऱ्या कामावर निघून गेला होता आणि दिवस गेला.

आज जोडणी लागली, तरी मध्येच तुटू लागली. कारण टोके. एसएफपीला लहान, एलसी जातीचे टोक लागते, म्हणून मुलाने घरच्या बाजूला नवा जोड दिला होता आणि त्यासाठी घरोघरी इंटरनेटसाठी वापरतात तसा हिरव्या टोकाचा तुकडा वापरला होता. हिरव्या टोकाची काच तिरकी घासलेली असते, निळ्याची जवळजवळ सरळ. मॉड्यूल आणि कन्व्हर्टर दोन्ही निळ्या टोकासाठी आहेत. हिरवे व निळे समोरासमोर आले की मध्ये फट राहते आणि प्रकाश वाया जातो. निळ्या टोकाचा तुकडा बसवल्यावर दिवा स्थिर झाला. जोड, तुकडे आणि दोन फेऱ्यांची मजुरी मिळून ७०० रुपये.

१४७२ बाइटचे पिंग गेले. डीव्हीआरचे चित्र आले.

११ मे

एकूण खर्च ८,७५० रुपये झाला. ठरवले होते सहा हजार. दोन स्विचचे ६,२५० सोडले तर उरलेले अडीच हजार केवळ वाटेतील जुन्या यंत्रांमुळे गेले, आणि स्विच निवडताना मी त्यांच्याकडे एकदाही पाहिले नव्हते. वेळेचा हिशेब आणखी वाईट आहे: व्हीलॅन लावण्याचे प्रत्यक्ष काम दोन्हीकडे मिळून चार तासांचे, आणि चुका शोधण्यात गेलेल्या संध्याकाळी दहाहून अधिक.

आज पुन्हा निवड करायची झाली तर पुस्तिकेत तीन गोष्टी आधी शोधेन. व्यवस्थापन एका व्हीलॅनपुरते बांधता येते का, ही पहिली. पोर्ट व्हीलॅन १ मधून पूर्णपणे काढता येतो का, ही दुसरी. पहिल्या स्विचवर तेही होत नव्हते, फक्त मला ते उशिरा समजले. आणि मांडणीची फाइल संगणकावर उतरवून ठेवता येते का, ही तिसरी. रॅपिड स्पॅनिंग ट्री, म्हणजे केबलींचे चक्र झाल्यास जादा वाट बंद करणारी सोय, मायक्रोटिकवर आहे, पहिल्या स्विचवर फक्त साधा लूप-प्रतिबंध आहे. आमच्या जाळ्यात दोनच स्विच आणि एकच वाट असल्यामुळे मी त्याला महत्त्व दिले नाही. ज्यांच्याकडे केबलींचा गुंता आहे त्यांनी द्यावे.

दोन्ही स्विचच्या फाइली उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवल्या. कोणत्या पोर्टवर कोणता व्हीलॅन आहे याचे कागद दोन्ही पेट्यांच्या झाकणाला आतून चिकटवले, मराठीत, म्हणजे मी घरी नसताना दादालाही वाचता येईल.

२५ मे

पावसाला सुरुवात झाली आहे. गेल्या आठवड्यात विजांचा मोठा गडगडाट झाला, दोनदा वीज गेली आणि आली. दोन्ही स्विच स्वतःहून पूर्ववत चालू झाले. शेडमधील कन्व्हर्टरचा अडॅप्टर मात्र गेला, १५० रुपयांचा दुसरा आणला. तो थेट प्लगमध्ये होता; आता डीव्हीआरच्या यूपीएसवर घेतला आहे.

२२ जून

वरच्या खोलीतील मुलाने तोच जुना राउटर पुन्हा तसाच उलटा जोडला. परीक्षा जवळ आल्यामुळे खोलीत गती कमी पडते असे त्याचे म्हणणे. या वेळी मला घरात काहीही जाणवले नाही, टीव्ही चालू होता, शेडचे कॅमेरे चालू होते. तासाभराने दुसरा विद्यार्थी खाली येऊन म्हणाला, “काका, वरचं नेट सगळ्यांचंच बंद आहे.”

बंद पडले ते फक्त व्हीलॅन २०. खालच्या स्विचने ते इतरांपर्यंत पोहोचू दिले नाही, पण विद्यार्थ्यांचे एकमेकांपासून रक्षण तो करू शकत नाही, कारण ती ओढाताण वरच्या ॲक्सेस पॉइंटच्या पोटातच होते. ॲक्सेस पॉइंटच्या मागील रिकामे लॅन पोर्ट त्याच्या सेटिंगमधून बंद करता येतात का ते पाहिले. या मॉडेलमध्ये ती सोय नाही. सध्या त्या तिन्ही पोर्टांवर चिकटपट्टी लावली आहे आणि मुलाचा राउटर माझ्या कपाटात आहे, परीक्षा संपल्यावर परत देण्याच्या बोलीवर.